भुताला भ्यावं की हसावं?

मराठी कादंबरीचा इतिहास चाळताना १९०२ या सालापाशी थबकावंसं वाटतं. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर तेव्हा कोल्हापुरातून ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढत. इतिहासाचार्य राजवाड्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध त्या वर्षी तिथे आला आणि अद्भुत कादंबरी थोर की वास्तव, हा वाद वाचकांच्या घरात शिरला. त्याच वर्षी ‘विविधज्ञानविस्तारा’त श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा लेख छापून आला. आधुनिक मराठी विनोदाची सुरुवात तिथून मोजतात. अद्भुताची चर्चा एका मासिकात, विनोदाचा जन्म दुसऱ्यात! दोघांची कपाटं पुढेही बराच काळ वेगळीच राहिली.

अद्भुताचा वाचक मुळात जुना. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. अरबी भाषेतल्या सुरस गोष्टीही त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या. या वाचकाची अट एकच: चमत्कार मनापासून सांगा. लेखकाने मध्येच डोळा मिचकावला की त्याचा रसभंग झालाच. कोल्हापुरात १९२९ साली उभ्या राहिलेल्या ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘मायामच्छिंद्र’ हा चित्रपट काढला, तोही याच श्रद्धेने.

विनोदाच्या वाचकाला मात्र ओळखीचं घर, कचेरी, शेजारपाजार हवा होता. चिं. वि. जोशींचा चिमणराव त्याला आपलाच नातेवाईक वाटला.

अनंत अंतरकरांनी ही रुचिभिन्नता नेमकी ओळखली होती. ‘हंस’ ललित साहित्यासाठी, ‘मोहिनी’ विनोदासाठी आणि ‘नवल’ गूढ-अद्भुतासाठी, अशी तीन मासिकं त्यांनी चालवली. एकाच घरात बाप ‘नवल’वर झडप घालतोय आणि लेक ‘मोहिनी’वर, हे चित्र अनेकांच्या आठवणीत असेल.

ही दोन कपाटं एकत्र उघडली ती तमाशाच्या बोर्डावर. हरिभाऊ वडगावकरांचा ‘गाढवाचं लग्न’ हा वग घ्या. शापाने गाढव झालेला गंधर्व येतो तो थेट सावळ्या कुंभाराच्या दारात. गाढव माणसासारखं बोलू लागतं आणि राजकन्येचा हात मागतं! इंद्राचा दरबार आणि कुंभाराचं अंगण यांच्यामध्ये कुठलीच भिंत उरत नाही. दादू इंदुरीकरांचा सावळ्या बोर्डावर आला की हसून हसून लोकांची पोटं दुखत, पण शापाबद्दल शंका कुणी घेत नसे. अद्भुतावर विश्वास ठेवूनही पोट धरून हसता येतं, हे तमाशाच्या प्रेक्षकाला कुणी शिकवावं लागलं नाही. या मातीतली ही फार मोठी रसिकता आहे आणि तिची नोंद समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

छापील पानावर असा मेळ क्वचित दिसतो. चिं. वि. जोशींच्या ‘ओसाडवाडीचे देव’मध्ये देवच पात्रं होऊन येतात. द. मा. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ या कथेतलं भूत माणसांच्या भीतीतून आणि बोलण्यातून आकार घेतं. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांनी कथाकथनातून हा ग्रामीण विनोद गावोगाव नेला. मग भूत पडद्यावर आलं: १९८२चा ‘एक डाव भुताचा’, १९९०च्या ‘धडाकेबाज’मधला बाटलीतला गंगाराम, १९९३च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. प्रेक्षकांनी ही पात्रं डोक्यावर घेतली.

पुस्तकांत मात्र हसरं अद्भुत मुलांच्या वाट्याला गेलं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातल्या चेटकिणीला पोरं घाबरतात आणि हसतातही. भा. रा. भागवतांनी अ‍ॅलिसला ‘जाईची नवलकहाणी’त जाई केलं. हॅरी पॉटरचा पहिला भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ झाला. त्या एका ‘परीस’ शब्दाने परका जादूगार आजीच्या गोष्टीत येऊन बसतो. अनुवाद असा हवा.

इंग्रजीत टेरी प्रॅचेट यांनी १९८३ पासून डिस्कवर्ल्ड या हसऱ्या अद्भुताच्या मालिकेच्या ४१ कादंबऱ्या लिहिल्या. कुणाला त्यातल्या चेटकिणी आवडतात, कुणाला शहराचे पहारेकरी, तर कुणाला सुरुवातीचा वेंधळा जादूगार. सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी, यावर त्यांचे वाचक हिरिरीने भांडतात. मराठी प्रौढ वाचकाला असं भांडण करण्याइतकी पुस्तकंच मिळालेली नाहीत. त्याची आवड सावळ्याने आणि गंगारामने केव्हाच सिद्ध केली आहे. कमतरता आहे ती लिहिणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानेच केला. अशा गावातल्या वाचकांनी पुढच्या खेपेला वाचनालयात गेल्यावर ‘ओसाडवाडीचे देव’ आवर्जून मागावं, आणि घरातल्या थोरांनीही ‘जाईची नवलकहाणी’ स्वतःसाठी म्हणून घ्यावी.