फोटोतली शाल आणि पार्सलातली शाल

औरंगाबादी हिमरूची शाल ट्यूबलाइटखाली टिपली, तर पांढरा धागा पुष्कळदा हिरवट उतरतो. साध्या बल्बखाली तोच पिवळा. संगणकावर हा रंग मूळ शालीसारखा करून घेण्यात आम्हाला लबाडी दिसत नाही. उलट तसे न करणाऱ्याने गिऱ्हाइकाला चुकीचाच रंग दाखवला. शालीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढावा आणि कागद पांढरा दिसेपर्यंतच रंग सुधारावा. मागची कळकट भिंत पुसली, तरी कोणाचे नुकसान नाही.

पण हात तिथेच थांबत नाही. सुती धाग्यावर रेशमाची चमक चढते, सुटलेला धागा नाहीसा होतो. (मोबाइल तर हल्ली न विचारताच रंग भडक करतो!) अशी शाल लवकर विकली जाते आणि तितक्याच लवकर परत येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळावी लागते. दाखवल्याहून वेगळा निघालेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

बातम्यांच्या फोटोंच्या धंद्यात हा हिशेब आणखी कडक आहे. २००६ च्या लेबनॉन युद्धात बैरूतच्या एका फोटोत धूर वाढवल्याचे उघड झाले. त्याच छायाचित्रकाराच्या दुसऱ्या फोटोतही फेरफार सापडला. रॉयटर्सने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याची सर्व ९२० छायाचित्रे विक्रीतून काढली. दोन फोटोंपायी बाकीचे ९१८ बुडाले.

विणीत दोष असेल, तर आमच्या कारागीर बांधवांनी त्याचाच जवळून वेगळा फोटो द्यावा आणि भाव त्या मानाने लावावा.