नागापूरकरांनो, आठवते का शाळेची सहल?

आपल्या नागापूरच्या शाळेतली मुलं सहलीला कुठं जायची? लांब नाही, नगरातच! शेंगदाण्याची चटणी अन् चपातीचा डबा, गळ्यात पाण्याची बाटली, आणि सीनेच्या पुलावरून निघालेली एसटी.

📍 चांदबिबी महाल : चढून जाताना धाप लागायची. वर गेल्यावर गुरुजी सांगायचे, हा चांदबिबीचा महाल नव्हेच. निजामशाहीतला सरदार सलाबतखान याची ही कबर. तीन मजली, अष्टकोनी. पण नाव बदलायला कुणी तयार नाही.

📍 भुईकोट किल्ला : १९४२च्या ‘चले जाव’नंतर नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल इथं कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं. मुलांचं सगळं लक्ष मात्र खंदकाकडं.

📍 रणगाडा संग्रहालय : १९९४ साली सुरू झालं, त्यामुळं आधीच्या पिढीच्या सहलीत ते नव्हतंच.

वर्गातल्या खुणाही आठवा. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तकं, वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली. १९७१पासूनचा ‘किशोर’, हातोहात फिरून मुखपृष्ठ गमावलेला. चौथी-सातवीची स्कॉलरशिप (मधली काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती) आणि तिच्यासाठी भरणारे जादा तास.

एमआयडीसी वाढली तशी नागापूरच्या वर्गांत बाहेरगावची, परप्रांतातली मुलंही आली.

तुमच्या वर्गाचा गटफोटो घरात असेल तर खाली टाका. वर्ष आणि गुरुजींचं नाव लिहायला विसरू नका!