जुनी गाडी पारखताना (भाग ७) : धरून बसणारा हँडब्रेक, घसरणारा क्लच

जुनी गाडी ‘ओढत नाही’ या एकाच तक्रारीमागे दोन अगदी उलट बिघाड असू शकतात. एकात मागचे चाक ब्रेकने धरून ठेवलेले असते, तर दुसऱ्यात इंजिनाची ताकद चाकापर्यंत पुरती पोचतच नाही. पहिल्याला गॅरेजमध्ये ‘हँडब्रेक जाम’ म्हणतात, दुसऱ्याला ‘क्लच स्लिप’. दोन्हींत पेट्रोल जास्त जाते, पिकअप मरते आणि जळकट वास येतो, त्यामुळे गल्लत होते. शिवाय हे दोन बिघाड एकमेकांना पोसतात. चाक धरलेली गाडी रोज जागेवरून उचलताना क्लच जास्त घासला जातो आणि हँडब्रेकचा भरवसा नसला की चढावर थांबलेला चालक गाडी हाफ क्लचवर तोलून धरतो. म्हणून तपासणीत आधी हँडब्रेक आणि मगच क्लच घ्यावा. चाके मोकळी असल्याची खात्री होण्याआधी क्लचबद्दल दिलेला निकाल कच्चाच असतो.

दोघांना वेगळे करणारी एक पक्की खूण आहे. क्लच पूर्ण बसलेला असताना इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचे प्रमाण प्रत्येक गिअरमध्ये ठरलेले असते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला मिनिटाला २००० फेरे दिसत असतील, तर ६० ला ३००० दिसले पाहिजेत. ब्रेक धरलेला असला तरी हे प्रमाण मोडत नाही; इंजिन गुदमरते आणि वेग व फेरे दोन्ही सोबतच रखडतात. क्लच घसरत असेल तर फेरे चढतात आणि वेग होता तिथेच राहतो. फेऱ्यांचा काटा नसलेल्या गाडीत हेच काम इंजिनाच्या आवाजावरून होते, आणि कान थोडा तयार असला की चांगले होते.

बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि हँडब्रेक त्यांतलेच शू वापरतो. दांडी ओढली की केबल ओढली जाते, केबल ड्रममधला छोटा लिव्हर ओढते आणि लिव्हर शू बाहेर ढकलून ड्रमला भिडवतो. दांडी सोडल्यावर ड्रममधल्या स्प्रिंगा शू मागे खेचतात. ओढायला माणसाचा हात असतो, परतीला मात्र फक्त स्प्रिंग. म्हणून या यंत्रणेत गंज चढला की हँडब्रेक लागतो, पण सुटत नाही.

गंज चढण्याची ठराविक ठिकाणे आहेत. केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखी, बाहेर आवरण आणि आत सरकणारी तार. टोकाचे रबरी टोपण फाटले की पावसाचे पाणी आवरणात शिरते आणि सखल भागात साचून राहते. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीत खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. दुसरे ठिकाण ड्रममधल्या लिव्हरची खीळ. तिसरे म्हणजे शूचे लायनर आणि ड्रम यांची सांधजागा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी काही दिवस उभी राहिली की ओले लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटते. मग गाडी हलवताना मागून ‘खट्’ असा आवाज येऊन चाक सुटते, किंवा सुटतच नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढून काढणे वाईट. लायनर शूपासून उखडू शकते. गाडी हळू पुढे-मागे करावी, तेवढ्याने न सुटल्यास चाक काढून ड्रमच्या कडेला हातोडीने हलके ठोके द्यावेत. दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या गाडीला सपाट जागेवर पहिला गिअर आणि चाकांना दगड पुरतो. हँडब्रेक मोकळा ठेवलेलाच बरा.

बिघाडाचे चौथे कारण गंज नसून माणूस आहे, आणि विकायला काढलेल्या गाडीत ते नेहमी सापडते. शू झिजले की दांडी बरीच वर यायला लागते. योग्य इलाज म्हणजे ड्रम उघडून शू तपासणे आणि त्यांची ॲडजस्टमेंट नीट करून शेवटी केबलला हात लावणे. पण वेळ वाचवायला दांडीखालचा नट आवळून केबलच ताणली जाते. दांडी दोन-तीन ‘कट्कट्’मध्येच घट्ट होते आणि गिऱ्हाईक खूश. आत मात्र लिव्हर आपल्या टेकणीवर परत बसू शकत नाही. शू सतत थोडे बाहेर राहतात, आणि आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणाही नीट चालत नाही. त्यामुळे फारच लवकर घट्ट होणारा हँडब्रेक कौतुकाचा नव्हे, संशयाचा मानावा. साधारण ४ ते ८ कट्कट्मध्ये पुरती पकड यावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

रस्त्यावरची परीक्षा सोपी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात गिअर न्यूट्रल करून गाडी लोळू द्यावी. मोकळी गाडी आळसावत पुढे जात राहते, धरलेली गाडी लवकर थांबते. मग ब्रेक शक्य तितका कमी वापरत चार-पाच किलोमीटर चालवून मागच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ तळहात न्यावा. स्पर्श करू नये, कारण जाम चाकाचा ड्रम चटका देण्याइतका तापतो. एक रिम गार आणि दुसरी धगधगीत, एवढ्यावरून बाजू कळते.

नेमकी जागा जॅकवर सापडते. पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, मागचा भाग उचलून स्टँडवर टेकवावा; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे. दोन्ही चाके जड असतील तर दोष बहुधा दांडीपाशी, दोन केबलींना ताण वाटून देणाऱ्या पट्टीपाशी किंवा जास्त आवळलेल्या नटात असतो. एकच जड असेल तर त्या बाजूची केबल ढिली करावी किंवा लिव्हरवरून सोडवावी. चाक लगेच मोकळे झाले तर केबल दोषी. तरीही धरलेले असेल तर दोष ड्रमच्या आत किंवा पायाच्या ब्रेकच्या ऑइलमध्ये. हे शेवटचे पाहायला व्हील सिलिंडरचा ब्लीडर निप्पल क्षणभर सैल करतात. ऑइलची पिचकारी उडून चाक सुटले, तर दाब कुठेतरी अडकून राहतो आहे. आतून फुगलेला रबरी होज किंवा मास्टर सिलिंडर तपासावा लागेल. तसे झाले नाही तर ड्रम उघडावा. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढावी. गंजलेली केबल तेल सोडून तात्पुरती सरकते, पण आवरणात पाणी शिरलेली केबल बदलणेच शहाणपणाचे.

चाके मोकळी ठरली की क्लच. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बसवलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. हा दाब डायफ्रॅम स्प्रिंगचा. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्या ढकलते आणि दाब सुटतो. म्हणजे घसरण्याची कारणे तीनच प्रकारची असू शकतात : लायनिंग झिजले, दाब कमी पडला, किंवा घर्षणाच्या पृष्ठभागावर तेल आले.

परीक्षा वरच्या गिअरमध्ये घ्यावी. खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेते, त्यामुळे क्लचवर पूर्ण ताण क्षणभरच येतो. वरच्या गिअरमध्ये तो टिकून राहतो. इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे उसळले आणि वेग मागून सावकाश आला, तर निदान झाले. खंबाटकीसारख्या घाटात चारजण बसवून हेच आणखी लवकर कळते. हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडून इंजिन बंद पडते का पाहण्याची रीतही रूढ आहे. इंजिन घरघरत चालूच राहिले तर क्लच गेलेला आहे हे नक्की. बंद पडले तर मात्र क्लच निर्दोष ठरत नाही, कारण मंद चालणाऱ्या इंजिनाचा जोर फारच थोडा असतो. शिवाय ही परीक्षा पुन्हा पुन्हा घेतली तर ती स्वतःच लायनिंग जाळते.

घसरण सिद्ध झाली म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नये. आधी पेडलची मोकळी चाल बघावी. केबलच्या क्लचमध्ये पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीचा काही भाग सैल जायला हवा; अनेक छोट्या गाड्यांत तो १५ ते २५ मिलिमीटर असतो. क्लच प्लेट पातळ होत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगच्या पाकळ्या उलट बेअरिंगकडे येतात आणि ही चाल आपोआप संपत जाते. ती शून्य झाली की बेअरिंग पाकळ्यांवर कायम रेलते, जणू चालकाचा पाय सतत पेडलवर आहे. केबलचा नट सैल करून चाल परत दिली आणि घसरण थांबली, तर फार मोठा खर्च वाचला. नट शेवटच्या आट्यापर्यंत सैल केलेला आढळला, तर मात्र लायनिंग संपत आल्याचे समजावे. हायड्रॉलिक क्लचमध्ये चाल बरीचशी आपोआप जुळते, त्यामुळे पेडलवरून झीज ओळखणे तितके भरवशाचे नाही.

नंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली बघावे. क्लचच्या घराच्या तळाशी बहुधा छोटे भोक किंवा फट असते. तिथे ओला थेंब लोंबत असेल तर तो बोटावर घेऊन पाहावा. काळपट आणि जळकट वासाचा असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळते आहे. जाडसर आणि गंधकासारख्या उग्र वासाचा असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील. तेल प्यायलेली क्लच प्लेट धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही, आणि सील तसेच ठेवून नवी प्लेट घातली तर तीही काही दिवसांत तशीच होते.

गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलावा, कारण मजुरी एकदाच पडते. फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे किंवा बारीक तडे आहेत का हे स्वतः उभे राहून पाहावे. निळा डाग म्हणजे तिथे धातू फार तापला होता. चरे किंवा तडे असतील तर फ्लायव्हील घासून घ्यावे लागते किंवा बदलावे लागते. नवा सेट बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर ओझे आणि हाफ क्लच टाळावा, आणि त्यानंतर पेडलची मोकळी चाल पुन्हा एकदा मोजून घ्यावी.