चालता उजेड

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, रात्र चढली की सोंगाच्या आधी उजेड येतो. संबळ आणि सनई लांबून ऐकू येत असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटलेली असतात. वळणावर मशालींचा तांबूस उजेड दिसला की गर्दी आपोआप दुभंगते. मशालीमागे मुखवटा असतो: गणपती, शारदा, रावण, नरसिंह आणि शेवटी जगदंबा व महिषासुर. मुखवट्याने चेहरा झाकलेला, त्यामुळे सगळा अभिनय पायांत, खांद्यांत आणि मानेच्या झटक्यात उतरतो. मशाल हलली की खोबणींतली सावली हलते आणि लाकडाचा किंवा कागदी लगद्याचा तो थिजलेला चेहरा क्षणात रागावतो, क्षणात हसतो. कुणी वाट सोडतं, कुणी हात जोडतं, पोरं मागे-मागे धावतात. तिथे प्रेक्षकाला जागा नेमून दिलेली नसते.

जव्हार आणि मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली नाटकवेडी मुलं आज ‘इमर्सिव्ह थिएटर’, म्हणजे प्रेक्षक ज्याच्या आत वावरतो असं नाटक, म्हणून जे मोबाइलवर शोधत असतात, त्याचं एक जिवंत रूप त्यांच्याच जुन्या जिल्ह्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं आहे. बोहाडा हा आधी देवाचा उत्सव आहे, त्याला नाटक म्हणून उचलून आणण्याचा हक्क आपल्याला नाही. पण उजेड आणि माणसाची चाल एकमेकांशी कशी बांधलेली असतात, हे त्याच्याकडून शिकता येतं. माझ्या मते या प्रकारच्या नाटकाचं मर्म तिथेच आहे: प्रेक्षकाने कुठे उभं राहायचं, हे दिवा ठरवतो.

जगभर या प्रकाराचं नाव झालं ते पंचड्रंक या ब्रिटिश संस्थेमुळे. फेलिक्स बॅरेट यांनी ती २००० साली काढली. तिचं ‘स्लीप नो मोअर’ हे ‘मॅकबेथ’वर बेतलेलं, जवळपास नि:शब्द नाटक २००३ मध्ये लंडनला झालं. २०११ पासून न्यूयॉर्कला ते जानेवारी २०२५ पर्यंत चाललं. अनेक मजले, असंख्य खोल्या, मिणमिणते दिवे. प्रेक्षक हवं तिकडे भटकायचे आणि नटांच्या मागे जिने चढायचे. मॅक्सिन डॉइल यांनी बांधलेल्या हालचालींतून कथा कळायची. तिथे पांढरा मुखवटा प्रेक्षकांना घालायला द्यायचे. मोखाड्यात मुखवटा सोंगाच्या तोंडावर असतो आणि पाहणाऱ्याचा चेहरा मशालीत उघडा पडतो. न्यूयॉर्कमध्ये पाहणारा अदृश्य व्हायचा, मोखाड्यात तो सगळ्यांना दिसतो. मला दुसरी तऱ्हा जास्त धाडसाची वाटते.

आपलं शहरी नाटक एका जागी कसं खिळलं, त्याला इतिहास आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, त्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या थिएटरात खेळली आणि मराठी नाटकाला पडद्याची चौकट भेटली. पुढे गॅसचे दिवे आले, मग वीज आली. वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटला प्रेक्षागृह काळोखं केलं आणि पाहणाऱ्याने अंधारात बसायचं ही रीत हळूहळू जगभर रुजली. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ पासून उभं असलेलं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर ही सगळी त्या रीतीची घरं. मी त्यांच्यातच वाढलो आणि तिसऱ्या घंटेनंतरच्या त्या काळोखाने मला नाटकाकडे ओढलं. म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तिथले दिवे मात्र बारला टांगलेले असतात. समोरून येणारा उजेड शेवटच्या रांगेला नटाचा चेहरा दाखवतो, ते त्याचं कामच आहे. पण समोरच्या उजेडात शरीर चपटं होतं. अमेरिकेत जीन रोझेन्थाल यांनी मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यांसाठी विंगांतून, बाजूने प्रकाश टाकला तो याच कारणाने. बाजूचा उजेड लागला की बरगडी, दंड, पोटरी गोलाईनिशी उठून दिसतात आणि नुसती मान वळली तरी ती घटना होते.

हालचाल आणि प्रकाश यांचं एकत्र शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला झाला. लयीतून शरीर घडवणारे एमिल जाक-दालक्रोझ आणि रंगभूमीचा प्रकाश नव्याने विचारात घेणारे आडोल्फ अपिया १९११ ते १९१३ या काळात तिथे एकत्र आले. अलेक्झांडर फॉन झाल्ट्समान यांनी सभागृहाच्या भिंती आणि छत पांढऱ्या कापडाने मढवून त्यामागे हजारो दिवे लावले. चौकट नाही, पडदा नाही. नट आणि प्रेक्षक एकाच उजळलेल्या खोलीत. दिवा दिसतच नसे, सगळं दालनच संगीताबरोबर उजळायचं आणि मावळायचं. पहिलं महायुद्ध आलं आणि ते थांबलं.

हालचालीच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नव्हतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं तेव्हा जब्बार पटेल आणि नृत्यरचनाकार कृष्णदेव मुळगुंद यांनी ब्राह्मणांच्या रांगेचीच भिंत केली. रांग पाठमोरी झाली की पडदा, वळली की गाव. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं केली, तिथे नटाचा श्वास ऐकू येईल इतकं प्रेक्षक जवळ असत. बादल सरकारांनी कोलकात्यात नाटक चौकटीबाहेर आणून प्रेक्षकांच्या मधोमध खेळवलं आणि त्यांचं ‘मिछिल’ ‘जुलूस’ म्हणून अमोल पालेकरांनी मराठीत केलं. तरीही या वाटेवर प्रकाश मागे राहिला. सरकारांनी तर दिव्यांचा थाट जाणूनबुजून नाकारला, कारण ते नाटक पैशाविना, कुठेही करता यावं म्हणून होतं. त्या निर्णयाचा मी आदर करतो. पण गरिबांच्या नाटकाला उजेड परवडत नाही, हे मला मान्य नाही. बोहाड्याची मशाल काय महाग होती?

इथून पुढे तालमीतला मुद्दा. आपल्याकडे प्रकाशयोजनाकार बहुतेकदा शेवटी येतो. दीड महिना ट्यूबलाइटखाली तालीम होते, ब्लॉकिंग पक्कं होतं आणि रंगीत तालमीच्या दिवशी दिवे त्यावर बसवले जातात. संहिता हातात असेल तर हे चालून जातं. पण नाटक तालमीतच रचायचं असेल, म्हणजे नट, दिग्दर्शक, लेखक मिळून सुधारत-सुधारत ते घडवणार असतील, तर पहिल्या दिवशी खोलीत दिवा हवा. ट्यूबलाइटखाली सुचलेली चाल आणि एका बल्बच्या उजेडात सुचलेली चाल वेगळी असते. ट्यूबलाइटमध्ये नट मोकळेपणी फिरतो. एकच दिवा असेल तर त्याला निवड करावी लागते: जवळ जायचं, पाठ करायची, की आपली सावली दुसऱ्यावर पाडायची? अशा निवडींतूनच प्रसंग जन्माला येतो.

काही गोष्टी साध्या विज्ञानाच्या आहेत. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा. म्हणजे हातातला दिवा घेऊन चालणाऱ्या नटाचे पायच डिमर असतात. तो भिंतीपासून एका मीटरवरून चार मीटरवर गेला की भिंतीवरचा उजेड जवळजवळ फेड आऊट झाला, कळ फिरवावी लागली नाही. जुना तारेचा बल्ब मंद केला की तांबूस होत जातो आणि बंद केल्यावरही तार क्षणभर धुगधुगते. साधा पांढरा एलईडी मंद झाला तरी त्याचा रंग तसाच राहतो आणि तो एकदम तुटतो. संध्याकाळ दाखवायची असेल तर हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. एलईडीवर जिलेटिन चढवून ही उणीव पूर्ण भरून निघत नाही. डोळ्याचाही विचार करावा लागतो. काळोखाला बऱ्यापैकी सरावायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झगझगीत झोत तो सराव क्षणात मोडतो. म्हणून फिरत्या नाटकात पहिली दहा मिनिटं मंद उजेडाची ठेवावीत, मध्येच कुणावर टॉर्च मारू नये, वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातात मंद लाल दिवा द्यावा, कारण लाल उजेड अंधारातली नजर कमी बिघडवतो. वयस्कर प्रेक्षकांना हा सराव उशिरा होतो. त्यांच्यासाठी पायऱ्यांच्या कडा उजळलेल्या हव्यातच. चालता-चालता कुणी पडलं तर त्या नाटकाला अर्थ नाही.

आशय कुठून आणायचा, याचं उत्तर ठाण्यात तयार आहे. रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. त्याच्या ‘नाट्यजल्लोष’मध्ये ठाण्याच्या वस्त्यांतली मुलं स्वतःच्या जगण्यातून नाटिका रचतात, लेखन, दिग्दर्शन, अभिनय त्यांचाच. मतकरी मे २०२० मध्ये गेले, उपक्रम पुढे चालू राहिला. तालमीत रचलेल्या नाटकाचं आपल्या भागातलं हे सगळ्यात खरं काम आहे असं मी मानतो. त्या मुलांच्या गोष्टी बहुतेक गल्लीतल्या आहेत, नळावरच्या आहेत, रात्री उशिरा घरी परतण्याच्या आहेत. अंधार त्यांना नेपथ्यासारखा उभारावा लागत नाही. कुठला दिवा गेलाय आणि कुठल्या कोपऱ्यावरून मुली धावत जातात, हे त्यांना पाठ असतं. या मुलांच्या हातात पहिल्या दिवसापासून दिवे दिले तर काय होईल, हा विचार मला सोडत नाही. ठाण्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या लघु प्रेक्षागृहात खुर्च्यांसमोर ते एका तऱ्हेचं होईल, त्याच वस्तीत चालत-चालत वेगळंच.

डोंबिवलीत एका इमारतीच्या पार्किंगमध्ये आम्ही असा छोटासा प्रयत्न केला. सहा मुलं, तारेचे दोन बल्ब, लांब वायरी, कागदी पुठ्ठ्याच्या नळ्या करून त्यांना झाकण. विषय मुलांनीच निवडला: शेवटची लोकल चुकलेली रात्र. खुर्च्या ठेवल्या नाहीत. पालक सुरुवातीला भिंतीला टेकून उभे राहिले, जसं नाटकाला उभं राहायची सवय नसलेली माणसं राहतात. एक मुलगी बल्ब छातीशी धरून खांबांमधून चालू लागली आणि तिचा चेहरा उजळत, तिच्यामागचा खांब काळा होत गेला. दोन-तीन बाया तिच्या मागे निघाल्या. मग सगळेच निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. पार्किंगच्या टोकाला पोचल्यावर तिने बल्ब जमिनीवर ठेवला आणि ती उजेडाबाहेर गेली. लोक त्या बल्बभोवती गोल करून उभे राहिले, एकमेकांच्या तोंडांकडे पाहत, आणि पुढचा प्रसंग करणारा मुलगा त्याच गोलातून, एका आजींच्या शेजारून बोलू लागला.

आजींनी त्याला जागा करून दिली.