सायटेशनची वही : मेंदू-संशोधकाचं काम मोजायचं कसं?
(वारंगा फाटा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, वारंग्याची खिचडी नांदेड-हिंगोलीकडच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. नांदेडहून नागपूरकडे निघालेल्याला कुणीतरी म्हणतंच, फाट्यावर थांबा, खिचडी खाऊन पुढं जा. समजा, असा प्रत्येक उल्लेख कुणी वहीत टिपून ठेवला. संशोधनाच्या जगात अशीच एक वही आहे. एका शास्त्रज्ञानं आपल्या शोधनिबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला, की दुसऱ्याच्या नावावर एक सायटेशन जमा. आपल्या भागातली मुलं आता पीएच.डी.ला जातात आणि मार्गदर्शक निवडताना आधी हा आकडा बघतात. म्हणून आज आपण ही वही उघडू.

ती सुरू केली अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांनी. त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ साली आला. हेतू साधा होता : एका निबंधावरून त्याच विषयाचे पुढचे निबंध सापडावेत. माणसं तोलायला ती वही नव्हती, तो वापर नंतर आला. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला. तुमच्या १२ निबंधांना प्रत्येकी किमान १२ सायटेशन असतील, आणि १३ निबंधांना १३-१३ नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स १२. आता गंमत बघा. आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला ५०० सायटेशन मिळाले, तरी एच-इंडेक्स १!

आता खरं उदाहरण घेऊ. मुंबईच्या शुभा टोळे. सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत कॅलटेकमधून पीएच.डी., शिकागोत पुढचं संशोधन, आणि १९९९ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा. त्यांचा प्रश्न असा : गर्भात मेंदू घडताना कुठल्या पेशीनं काय व्हायचं, हे ठरवतं कोण?

जानेवारी २००८ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये त्यांच्या आणि कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकी यांच्या गटाचा निबंध आला. उंदराच्या गर्भात एलएचएक्स-२ नावाचं एक जनुक आहे. ते अगदी सुरुवातीला काही पेशींमधून काढून टाकलं. या पेशींनी खरं तर कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, व्हायचं. त्या झाल्या ‘हेम’. हेम म्हणजे मुकादमच म्हणा ना; शेजारच्या पेशींना तो काम वाटून देतो. या नव्या मुकादमांनी शेजाऱ्यांना हुकूम दिला, हिप्पोकॅम्पस व्हा. हिप्पोकॅम्पस हा आठवणी घडवणारा भाग. जिथं तो असायचं कारण नाही, तिथं जागोजागी तो तयार व्हायला लागला! म्हणजे एकच जनुक गेलं आणि मेंदूचा नकाशाच बदलला. २०१० चा भटनागर पुरस्कार आणि २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार टोळे यांना मिळाला.

या निबंधाचं मोल सायटेशनवरून कळतं का? थोडंफार कळतं. पण गर्भातल्या मेंदूवर काम करणारे लोक जगात मोजके, कर्करोगावर काम करणारे अफाट. हमरस्त्यावरच्या हॉटेलचं नाव जास्त तोंडी येणारच, आतल्या गावातला स्वयंपाकी कितीही चांगला असो. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध कुठला? लाउरी यांचा १९५१ चा. त्यात प्रथिनं मोजायची एक रीत दिलीय, बस. तीन लाखांच्या वर सायटेशन! उपयोगी आहेच, पण त्याला सर्वांत मोठा शोध कुणी म्हणणार नाही.

याहून गंभीर गोष्ट आहे. ‘तिथली खिचडी खारट होती’ हाही वहीत एक उल्लेखच, आणि कधी कधी न खाताच लोक नाव घेतात. २००६ साली ‘नेचर’मध्ये अल्झायमरवर एक निबंध आला. एका विशिष्ट प्रथिन-समूहामुळं स्मरण जातं, असा त्याचा दावा. दोन हजारांहून जास्त सायटेशन मिळाले. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांवर जाहीर शंका आल्या आणि जून २०२४ मध्ये चित्रांतल्या फेरफारामुळं तो मागं घेतला गेला. अल्झायमरचं सगळं संशोधन त्यामुळं खोटं ठरत नाही, हेही सांगायला हवं. पण मधली १८ वर्षं कुणीतरी त्या वाटेवर पैसा घातला, कुणी आपली पीएच.डी. घातली. त्या दोन हजारांनी त्यांना सावध केलं नाही, उलट धीरच दिला.

आपल्याकडचं सांगायचं तर २०१० पासून यूजीसीनं कॉलेजच्या शिक्षकांच्या बढतीला निबंधांचे गुण जोडले. मग पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स उगवली. २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच यादीतून ४,३०५ जर्नल्स काढावी लागली. आमच्या मते दोष एकट्या शिक्षकांना देणं बरोबर नाही. आकडाच मागितला, तर आकडाच मिळणार.

तर मुलांनो, मार्गदर्शक शोधताना गूगल स्कॉलर जरूर उघडा. पण आकड्यावर थांबू नका, त्या आकड्यावर क्लिक करा. संदर्भ देणारे चार-पाच निबंध उघडा. नाव नुसतं प्रस्तावनेत, दहा जणांच्या रांगेत आलंय, की कुणी तो प्रयोग पुन्हा करून पाहिलाय, हे वाचा. आणि त्या प्रयोगशाळेच्या निबंधांत पहिलं नाव कुणाचं असतं तेही बघा. तिथं विद्यार्थ्यांची नावं दिसली, तर फोन लावायला हरकत नाही.