पेटीत पाणी, तरी बाजी विद्यार्थ्यांची!

पाण्याखाली दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. त्यामुळे कॅमेरा वा विद्युत यंत्रणेच्या पेटीत केसाएवढी फट राहिली, तरी पाणी आत शिरून यंत्र निकामी होते. अमेरिकेतील फिनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलमधील चार विद्यार्थ्यांना २००४ मध्ये याचा प्रत्यय आला. प्लास्टिकच्या नळ्यांपासून त्यांनी 'स्टिंकी' हा पाणबुडा यंत्रमानव बनविला होता. सांता बार्बरा येथील स्पर्धेच्या तोंडावर त्याच्या पेटीत पाणी झिरपू लागले. नवी पेटी बनविण्यास वेळ नव्हता. तेव्हा पेटीत टॅम्पॉन ठेवून त्यांनी ते पाणी शोषून घेतले आणि एमआयटीच्या संघाला मागे टाकून अव्वल क्रमांक पटकावला. मेक्सिकोतून आलेल्या या मुलांचा उच्चशिक्षणाचा मार्ग मात्र अधिकृत कागदपत्रांअभावी खडतरच राहिला.