शी झाली का शी?

मंगळवारी दुपारी हिंजवडीत मीटिंग रंगात आलेली असताना माझ्या मोबाइलवर पाठोपाठ दोन मेसेज आले. एक टीम लीडचा, एक आईचा. शब्द तेच: ‘झाली का?’ टीम लीडला एक्सेलची फाईल हवी होती. आईला नातीची शी. फाईल चार दिवस अडकली होती. शी पाच.

(चहा-बिस्किटं घेऊन वाचायला बसला असाल तर कप जरा बाजूला ठेवा. विषय हाच आहे आणि शेवटपर्यंत हाच राहणार आहे.)

आमची कन्या तेव्हा सव्वादोन महिन्यांची. पहिल्या महिन्यात तिचा हिशेब एकदम सरळ होता. दूध प्यायलं की शी, दिवसातून सहा-सात वेळा. बाल्कनीत लंगोटांची पताका लागलेली असायची. मग सहाव्या आठवड्यात अचानक ब्रेक लागला. आधी एक दिवस सुटला, मग दोन. आम्ही दोघं खूश, कारण झोप मिळत होती. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, चौथ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला आणि पाचव्या दिवशी घरात वॉर रूम उघडली.

गंमत म्हणजे जिच्यावरून एवढा गोंधळ, ती मजेत होती. दूध पीत होती, हुंकार देत होती, दिवसाला सात-आठ लंगोट सूने भिजवत होती. पण ‘अरे, पाच दिवस! तुझं झालं असतं तर काय केलं असतंस?’ या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपायांची मात्र कमी नव्हती. ओव्याचं पाणी, मनुकांचं पाणी, चमचाभर कोमट पाणी, बोटावर मध, दोन वळसे जास्तीची गुटी, एरंडेल, ग्राइप वॉटर. सासूबाईंनी आल्या आल्या बेंबीभोवती हिंग लावला. दिवाणखान्यात सांबाराचा वास पसरला, बाकी काही झालं नाही. मग शेवटचं अस्त्र निघालं: विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून... पुढचं सांगायला नको. देठ नाही मिळाला तर साबणाची बारीक वडी. ‘तुला पण लावलाय मी देठ,’ आई म्हणाली. ही माहिती मला आयुष्यभर नसती मिळाली तरी चाललं असतं.

बायको मात्र ठाम राहिली. ‘आई, उद्या डॉक्टरांना दाखवू. तोवर कुणी काही घालायचं नाही. वरूनही नाही आणि खालूनही नाही.’

बुधवारी संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांनी मुलीचं वजन केलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, ‘शेवटची शी कशी होती?’ आम्ही दिवस सांगायला लागलो. ‘कधी नाही विचारलं. कशी?’ पिवळी. मऊ. पिठल्यासारखी. ‘मग हे बद्धकोष्ठ नाही,’ त्या म्हणाल्या.

सगळा घोळ इथेच आहे. आपण दिवस मोजतो, डॉक्टर पोत बघतात. बद्धकोष्ठ म्हणजे कडक, सुकी, लेंड्यांसारखी शी. ती रोज होत असली तरी बद्धकोष्ठच. आणि सात दिवसांनी आलेली मऊ शी ही नुसती उशिरा आलेली शी. पहिल्या दिवसांतल्या चिकाने बाळाचं पोट साफ व्हायला मदत होते. पुढे आईचं दूध इतकं छान पचतं की टाकून द्यायला फारसं उरतच नाही. म्हणून फक्त अंगावर पिणारं बाळ साधारण सहा आठवड्यांनंतर आठवडाभर, कधी दहा दिवसही शी न करता मजेत राहू शकतं. अट एवढीच की दूध पिणं, सू आणि वजन व्यवस्थित हवं, पोट मऊ हवं.

पण ही सवलत पहिल्या महिन्यात नाही, आणि हे वाक्य कृपया दोनदा वाचा. पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून अंगावरच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा तरी पिवळी शी व्हायला हवी. ती होत नसेल, सूही कमी असेल, तर बहुतेक बाळाला दूधच पुरत नाहीये. तिथे ‘लेखात वाचलंय, दहा दिवस चालतं’ म्हणून बसून राहू नका.

मग ते कुंथणं? आमची कन्या शीच्या वेळी टोमॅटोसारखी लाल होऊन दहा-पंधरा मिनिटं रडायची, त्यामुळे दुखतंय याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. डॉक्टर हसल्या. ‘तुम्ही पाठीवर झोपून करून बघा.’ पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हे आपल्याला आपोआप जमतं. बाळाला ते शिकावं लागतं. तोवर ते दोन्हीकडून जोर लावतं आणि रडतं. शेवटी शी मऊच येते. काही आठवड्यांत जमतं. देठ किंवा साबण घातला की त्या क्षणी काम होतं, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या तो टिकला. पण बाळ स्वतः सोडायला शिकत नाही, आणि आतली नाजूक त्वचा सोलवटते ती वेगळीच.

बाकीच्या यादीवरही फुली. सहा महिन्यांआधी वरचं पाणी नको, त्याने पोट भरतं आणि दूध कमी जातं. एक वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, आणि या आजाराचं पहिलं लक्षण अनेकदा कोणतं? बद्धकोष्ठ! म्हणजे औषध म्हणून चाटवलेला मधच रोग घेऊन यायचा.

डब्याच्या दुधावरच्या बाळांचं गणित वेगळं. त्यांची शी घट्टसर असते आणि खरं बद्धकोष्ठही त्यांच्यातच जास्त. आधी चमचा तपासा. ‘अंग धरू दे’ म्हणून आजी शीग लावून पावडर घालते आणि पाणी कमी पडतं. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी आधी घ्या, मग सपाट चमचा.

आणि नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, २०१७ पासून मिळणारी २६ आठवड्यांची रजा संपते नेमकी तेव्हाच बाळाचं वरचं अन्न सुरू होतं. दूध बदलतं, पेज-केळं येतं आणि पहिली खरी लेंडी त्याच महिन्यात दिसते. तेव्हा जेवणाबरोबर घोटभर पाणी, पपई, पेर, मऊ भाज्या द्या. ऑफिसला गेलात म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फक्त पावडरच्या दुधावरचं बाळ असतं, तर त्यालाही हेच झालं असतं.

आता घाबरायचं कधी? जन्मानंतरची पहिली काळी, चिकट शी २४ तासांत, फार तर ४८ तासांत व्हायला हवी. ती लांबली तर डॉक्टर हर्शस्प्रुंगच्या आजाराचा विचार करतात. हाराल्ड हर्शस्प्रुंग या डॅनिश डॉक्टरने १८८६ साली बर्लिनमध्ये तो मांडला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, त्यामुळे तो भाग शी पुढे ढकलत नाही. साधारण पाच हजारांत एका बाळाला हा आजार होतो आणि ऑपरेशनने बरा करता येतो, पण वेळेत कळायला हवा. बाळ सुस्त आहे, आवाज घोगरा आहे, कावीळ रेंगाळली आहे आणि शीही होत नाही, तर थायरॉइड तपासतात. शीत रक्त, पांढरट खडूसारखी शी किंवा न वाढणारं वजन दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, दूध सोडलेलं बाळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याचीही वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आमच्या वाट्याला यातलं काही नव्हतं. डॉक्टरांनी औषधही दिलं नाही. कोमट पाण्याने अंघोळ, पायांची सायकल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात, एवढंच. आईला हे फी देण्याइतकं वाटलं नाही.

गुरुवारी पहाटे साडेपाचला सायकल चालवता चालवता माझ्या हाताला काहीतरी गरम लागलं. तीन लंगोट, एक चादर आणि आईची गोधडी. मऊ, पिवळी, आणि सात दिवसांची थकबाकी एकरकमी. आईच्या मते सुनेने खाल्लेल्या ओव्यामुळे. सासूबाईंच्या मते हिंगामुळे. मी सायकलचं नाव काढलं तर दोघीही माझ्याकडे दयेने बघायला लागल्या. ज्या मुलीमुळे हे झालं ती तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि तिची आईही.

झोपेतच मी फॅमिली ग्रुपवर टाकलं: ‘झाली एकदाची!’ चार अंगठे आले आणि मग टीम लीडचं उत्तर. ग्रुप चुकला होता.

‘ग्रेट! लगेच क्लायंटला पाठव.’